आज वार कोणता?

तापाने फणफणलेला माणूस भलतेसलते बोलू लागला की आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणत, 'याला वात झाला.' वैद्यांचा शब्द त्याहून भारदस्त: सन्निपात, म्हणजे तिन्ही दोष एकाच वेळी बिघडणे. कन्नडात त्या शब्दाचे आटोपशीर रूप झाले 'सन्नी'. आधुनिक डॉक्टर 'डिलिरियम' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तासातून बाहेर जाणे, म्हणजे नांगर चालता चालता सरळ ओळ सोडून भलतीकडे जाणे. धारवाडच्या काळ्या रानात बैलांचा नांगर ज्याने पाहिला आहे, त्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

एवढी नावे असूनही रोगी म्हातारा असला की आपण यांपैकी एकही नाव घेत नाही. मराठीत म्हणतो, 'वय झालं.' कन्नडात म्हणतो, 'वयस्सातु.' आणि विषय संपतो.

तो विषय तिथे संपू नये असे मला वाटू लागले ते माझ्या आजीमुळे. गेल्या वर्षी अंगणात पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले. हुबळीतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आजीचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब तीच लिहिते आणि आज तिथी कोणती हे न बघता सांगते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, हा तिचा साठ वर्षांचा शिरस्ता. बेंद्र्यांच्या गावात याचे कोणाला नवल नाही. ज्यांच्या घरची भाषा मराठी, ते कन्नडचे महाकवी झाले. आमच्या आजीने भाजीवाल्याशी कन्नडात घासाघीस केली तर त्यात काय मोठे!

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी आजी गप्प झाली. कण्हणे नाही, तक्रार नाही. भेटायला येणारे म्हणाले, 'किती शहाण्यासारख्या पडून आहेत!' चहा पुढे केला की तोंड फिरवी. संध्याकाळी तिने डोळे उघडले, माझ्याकडे एकटक पाहिले आणि विचारले, 'नीवु यारू?' तुम्ही कोण? माझ्याशी आजी जन्मात कधी कन्नड बोलली नव्हती. ती उंबऱ्याबाहेरची भाषा. म्हणजे तिच्या लेखी मी परका झालो होतो. माझ्या छातीत धस्स झाले.

रात्रपाळीच्या सिस्टरने ते ऐकले. तिने मला एकच प्रश्न केला, 'निन्ने हिंग इद्रेन्री?' काल अशाच होत्या का? मी म्हणालो, 'नाही.' तिने लगेच डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टरांनी केलेली तपासणी दोन मिनिटांची होती. तिला 'फोर-ए-टी' म्हणतात. ती २०११ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत तयार झाली. तिचे चार भाग आहेत. रोगी नीट जागा आहे का? वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल सांगतो का? वर्षाचे महिने उलटे म्हणतो का? आणि चौथे, हा बदल अचानक झाला आहे का, किंवा कमीजास्त होतो आहे का? चार किंवा अधिक गुण पडले तर डिलिरियमचा संशय धरायचा आणि कारण शोधायला लागायचे. चौथ्या प्रश्नाचे 'होय' हे उत्तर एकटेच चार गुणांचे आहे.

'डिसेंबरपासून उलटे म्हणा,' असे कन्नडात सांगितल्यावर आजी छताकडे बघत राहिली. डॉक्टर मला म्हणाले, 'तुमच्या भाषेत विचारा.' मी म्हणालो, 'आजी, फाल्गुनापासून मागे ये.' ती म्हणाली, 'फाल्गुन, माघ...' आणि थांबली. मग 'हळदीकुंकवाला जायचंय, लुगडं काढ' म्हणत पांघरूण चाचपू लागली. महिने तिला पाठ होते. पण लक्ष एका ओळीवर टिकत नव्हते. नांगर तास सोडत होता.

एका नातेवाइकांनी हलक्या आवाजात धारवाडच्या मानसिक रुग्णालयाचे नाव काढले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की हे वेड नव्हे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे हळूहळू येतो. हा तासा-दिवसांत येतो, आणि बहुधा शरीरात दुसरीकडे काही बिघडल्याची वर्दी देतो. जंतुसंसर्ग, रक्तातले क्षार कमी होणे, वेदना, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, एखादे झोपेचे औषध, यांपैकी काहीही, पुष्कळदा अनेक कारणे मिळून. आरडाओरडा करणारा रोगी सर्वांच्या ध्यानात येतो. असा निपचित पडलेला निसटून जातो. आजीच्या बाबतीत लघवीचा संसर्ग निघाला आणि सोडियम उतरलेले. औषधे चालू झाली. घरून तिचा चष्मा आणला, कालनिर्णय समोर टांगले, दिवसा खिडकी उघडी ठेवली, रात्री दिवा मंद केला. पाळीपाळीने घरचेच कोणीतरी उशाशी बसले. सहाव्या दिवशी तिने विचारले, 'दुधाचा हिशेब कोण लिहितंय?' मराठीत! सगळ्यांचेच नशीब असे नसते. काहींचा गोंधळ आठवडे रेंगाळतो, काही पूर्वीसारखे होतच नाहीत. म्हणून लवकर ओळखण्याला एवढे महत्त्व.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात की आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर नुसत्या आजच्या आकड्यावरून नफातोटा कळत नाही. रोग्याचेही तसेच आहे. आज तो कसा आहे हे डॉक्टर पाहू शकतात. काल कसा होता, ती आरंभीची शिल्लक घरच्या माणसांच्या वहीत असते. एवढ्या मोठ्या वॉर्डात एका सिस्टरने कोणाकोणाची वही सांभाळावी?

दुसरा प्रश्न भाषेचा. आपल्याकडच्या कित्येक वृद्धांना जन्मतारीख ठाऊकच नसते. 'गांधीजी गेले तेव्हा मी रांगत होते' एवढाच दाखला. साल विचारावे तर ते शकात सांगतील. अशांना चुकीचे गुण देणे म्हणजे शाळेत न गेल्याचा दंड करणे. ही अडचण जाणूनच १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी स्मृती आणि आकलन तपासणारी हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. आपल्या जुळ्या शहरात तर सोय आयती आहे. चैत्र ते फाल्गुन हे महिने मराठी आणि कन्नड माणसाचे एकच, शक एकच, आणि 'वार' हा शब्दही एकच. विचारणाऱ्याने फक्त रोग्याच्या घरातली भाषा कोणती ते आधी विचारावे.

आता मित्रहो, आपल्या कामाची गोष्ट. अमेरिकेत डॉ. शेरॉन इनौये यांनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला; जिथे मुद्दाम काळजी घेतली तिथे ९.९ टक्क्यांना. ती काळजी काय होती? रोग्याशी गप्पा मारणे, वार-तारीख सांगणे, चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी देणे, पाणी पाजणे, चालवणे, शांत झोप मिळू देणे. यातले बरेचसे काम शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी केले.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो, रक्तदान करतो. यंदा रुग्णालयाच्या परवानगीने आणि तिथल्या परिचारिकांकडून शिकून, दर रविवारी दहा जणांनी वृद्धांच्या वॉर्डात तासभर बसावे, अशी माझी सूचना आहे. दोन भाषा येणे ही आपली मिरवायची गोष्ट झाली आहे. ती तिथे खरी उपयोगी पडेल. एकाने मराठीत विचारावे, दुसऱ्याने कन्नडात: 'अज्जी, आज वार कोणता?' उत्तर बरोबर आले तर गप्पा चालू ठेवाव्यात. गेल्या रविवारी येणारे उत्तर या रविवारी आले नाही, तर उठून सिस्टरला सांगावे.