विकणारा म्हणतो, "जरा थांबा"

घर विकत घेणे हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार. घर पसंत पडले, भाव ठरला, विसार दिला की मोठी चिंता मिटली असे वाटते. परंतु खरी परीक्षा पुष्कळदा त्यानंतरच सुरू होते. खरेदीखताची तारीख जवळ येते आणि विकणारा म्हणतो, "जरा थांबा."

फरीदाबादला नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रसंग अधिकच गोंधळात टाकतो, कारण इथे व्यवहाराची भाषाच निराळी. आपला विसार तो इथे बयाना, साठेखत म्हणजे इकरारनामा आणि खरेदीखत म्हणजे रजिस्ट्री. ही रजिस्ट्री तहसील कार्यालयात होते. बयान्याच्या कागदावर एक अट बहुधा असतेच: घेणारा फिरला तर बयाना बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट परत. पण विकणारा फिरलेला नाही, नुसता रेंगाळतो आहे, तेव्हा काय करायचे, याविषयी त्या कागदात सहसा अवाक्षर नसते.

प्रत्येक जण लबाड नसतो

असाच प्रसंग एका मराठी दांपत्यावर आला. पती कारखान्यात अभियंता, पत्नी शाळेत शिक्षिका. बारा वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर त्यांनी जुन्या सेक्टरमधले एक घर पसंत केले. विकणारे निवृत्त वृद्ध जोडपे होते. बयान्यासाठी पत्नीने दागिने गहाण ठेवले, बँकेचे कर्ज मंजूर झाले आणि मार्चअखेरची तारीख ठरली. एप्रिलपासून मुलाचे नाव त्याच भागातील शाळेत घालायचे होते.

फेब्रुवारीत त्या गृहस्थांनी दोघांना चहाला बोलावले. "बेटी, आणखी चार महिने दे," ते म्हणाले, "घर तुझंच आहे. मी जबान दिली आहे." त्यांनी स्वतः आग्रा कालव्याच्या पलीकडे, ज्या भागाला इथे 'नहर पार' म्हणतात, तिथल्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता आणि त्याचा ताबा मिळत नव्हता. मग घर सोडून जायचे कुठे?

घरी परतताच पती संतापले. "भाव वाढले असतील, म्हणून ही नाटकं."

"अहो, आधी बिल्डरचं पत्र तर मागू या," पत्नी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वृद्ध गृहस्थांनी पत्राची फाइलच पुढे ठेवली. कारण खरे होते. विकणारे हे जोडपे दुसरीकडे घेणारे होते आणि तिथे तेही वाटच पाहत होते.

कारण खरे की खोटे, हे ओळखण्याचा हाच साधा मार्ग आहे. खऱ्या कारणाला कागद असतो. पूर्वीच्या हुडाचा, म्हणजे आताच्या हरियाणा शहरी विकास प्राधिकरणाचा भूखंड असेल तर हस्तांतराची परवानगी घ्यावी लागते आणि थकबाकी भरावी लागते. त्यात वेळ जातो. घरावर विकणाऱ्याचे कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत अडकलेले असतात. मात्र संपूर्ण कर्ज फेडल्यावर ३० दिवसांच्या आत कागद परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर घातले आहे, तेव्हा "बँक कागद देत नाही" ही सबब फार काळ चालू नये. घर घेऊन २४ महिने पूर्ण होण्याआधी विकले तर नफ्यावर करआकारणी वेगळी होते, म्हणूनही काही जण थांबतात. मुलीची बोर्डाची परीक्षा, पितृपक्ष, डिसेंबर-जानेवारीतला खरमास हीसुद्धा नेहमीची कारणे. ती खोटी नसतात आणि त्यांचा शेवट कधी होणार हेही ठाऊक असते.

जिथे दर भेटीत कारण बदलते, तिथे मात्र सावध व्हावे. अधिक पैसे देणारा दुसरा ग्राहक भेटलेला असू शकतो. त्याहून गंभीर म्हणजे, घरात हिस्सा असलेल्या भावाने किंवा बहिणीने सहीला नकार दिलेला असू शकतो. अशा वेळी चार महिने थांबल्याने काहीच सुटत नाही.

तोंडी सवलत महागात पडते

इथे बहुतेक खरेदीदार एक चूक करतात. माणुसकीने "बरं, थांबतो" म्हणतात आणि विषय तिथेच सोडतात. वास्तविक नुसत्या कराराने घर आपले होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विक्रीच्या कराराने घरात कोणताही मालकी हक्क निर्माण होत नाही. करार पुरा करून घेण्यासाठी न्यायालयात जायचे, तर आपण पैसे घेऊन सदैव तयार होतो, हे खरेदीदारालाच सिद्ध करावे लागते. दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांची असते. म्हणून तारीख वाढली असेल, तर ती दोघांच्या सह्यांनिशी लिहिलेली असलीच पाहिजे.

तारखेचे महत्त्व किती, हे दिल्लीतील एका खटल्यावरून दिसते. चांदरानी यांनी १९७१ मध्ये कमलरानी यांच्याशी घराच्या खरेदीचा करार केला. ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा दहा दिवसांत द्यायचा होता. तो दिला गेला नाही. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत वेळ हाच कराराचा गाभा आहे असे सहसा गृहीत धरले जात नाही, परंतु करारातील अटींवरून तसे ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले आणि खरेदीदाराची बाजू हरली. हा निकाल लागला १८ डिसेंबर १९९२ रोजी. तोवर दोघीही हयात नव्हत्या. निकालपत्रावर दोघींच्या जागी त्यांचे वारस आहेत. २०११ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले, की शहरांतील घरांचे भाव झपाट्याने वाढत असताना, वेळेला महत्त्व नाही हे जुने तत्त्व पुन्हा तपासायला हवे.

"रजिस्ट्री नंतर करू, तोवर पॉवर ऑफ ॲटर्नी घ्या," असा सल्ला प्रॉपर्टी डीलर देतात. तोही मानू नये. हरियाणातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट केले, की अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही.

विकणारा टाळतच राहिला, तर हरियाणा-पंजाबात एक रीत आहे. ठरलेल्या दिवशी खरेदीदार पैशांची तजवीज करून तहसील कार्यालयात जातो, दिवसभर थांबतो आणि आपण हजर होतो असे प्रतिज्ञापत्र करून ठेवतो. याला 'हाजिरी लावणे' म्हणतात. खटल्यात हा कागद फार उपयोगी पडतो. त्याआधी वकिलामार्फत नोटीसही द्यावी. आणि दावा करायची वेळ आलीच, तर घराबरोबर पर्याय म्हणून बयाना परत मिळण्याची मागणीही त्यात लिहायला विसरू नये. न मागितलेला परतावा न्यायालय देत नाही.

मधला मार्ग

अर्थात प्रत्येक व्यवहार न्यायालयापर्यंत न्यावा असे नाही. त्या दांपत्याने विचार केला, की वृद्धांना हवे आहेत ते राहण्यासाठी चार महिने, मालकी नव्हे. मग रजिस्ट्री ठरल्या दिवशीच करावी आणि ताबा जुलैअखेर घ्यावा. तोपर्यंत दांपत्य जेवढे भाडे भरत होते तेवढेच वृद्धांनी द्यावे, एक ठरावीक रक्कम ताब्यापर्यंत रोखून ठेवावी आणि मुदतीनंतर दर दिवसाचा दंड असावा. हे सारे स्वतंत्र कागदावर लिहावे.

कागद पाहताच वृद्ध गृहस्थांचा चेहरा उतरला. "आमच्या जबानवर विश्वास नाही?"

"अंकलजी, तुमच्यावर आहे," ती म्हणाली, "तुमच्या बिल्डरवर नाही."

ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चष्मा मागवला आणि सही केली. रजिस्ट्री पत्नीच्या नावावर झाली. शहरी हद्दीत पुरुषाला सात टक्के, तर स्त्रीला पाच टक्के मुद्रांक शुल्क असल्याने तेवढी बचतही झाली. मुलाला शाळेत प्रवेश मिळाला. चार महिने तो दुरून बसने गेला.

जुलै उजाडला तरी नहर पारच्या फ्लॅटचा पत्ता नव्हता. कागद नसता, तर आणखी चार महिने गेले असते आणि दोन्ही घरांत कटुता आली असती. पण तारीख सगळ्यांना ठाऊक होती. वृद्धांच्या मुलाने धावपळ करून जवळच भाड्याची जागा शोधली. सामान बांधायला ती शिक्षिका दोन दिवस रजा घेऊन गेली आणि जाताना आजीबाईंनी तुळशीची कुंडी तिच्यासाठी अंगणातच ठेवली.

थांबण्याची विनंती करणारा माणूस नेहमीच शत्रू नसतो आणि कागद मागणारा नेहमीच अविश्वासू नसतो. सवलत जरूर द्यावी, परंतु तिला तारीख असावी. नाही तर एकाची अडचण हळूहळू दोघांची होते आणि चांगुलपणाने सुरू झालेली ओळख तहसीलच्या पायऱ्यांवर संपते.