खिशातले तुरीचे दाणे

मोताळा,
रविवार, सकाळ

चि. बाळू,

परवा फोनवर तू बोललास आणि माझी रात्र गेली. म्हणे, "मामा, ज्याला खेळता आलं नाही तो कोच होतो." बोलताना समोर कोण आहे याचं तरी भान ठेवायचं! मला खेळता आलं नाही, हे मलकापुरात अजून दोघा-तिघांना आठवतं. ते असो.

आणि वर मलाच त्या तैवानच्या बेसबॉलवाल्या वांग चिएन-मिंगचा व्हिडिओ पाठवतोस. चष्मा पुसून तीनदा पाहिला. अमेरिकेच्या यांकीज संघाकडून २००६ मध्ये १९ विजय, २००७ मध्ये पुन्हा १९. २००८ मध्ये पाय गेला तो चेंडू टाकताना नाही, बेसवर धावताना. नंतर तो मायदेशी पोरांना चेंडू टाकायला शिकवू लागला. त्याला खेळता येत नव्हतं काय रे?

बरं, एवढ्या लांब कशाला? श्रीरामपूर काही तैवानात नाही. तिथल्याच जहीर खाननं २००३ च्या विश्वचषकाच्या फायनलला पहिल्याच षटकात १५ धावा दिल्या, तेव्हा टीव्हीसमोर तू माझ्या मांडीवर होतास आणि मी जे बोललो ते तुझ्या मायनं अजून माफ केलेलं नाही. पुढे त्याला संघातून काढलं. २००६ चा मोसम त्यानं वूस्टरशायर कौंटीकडून काढला, रन-अप आखूड केला, ७८ बळी घेतले. २०११ च्या फायनलला त्याचीच पहिली पाच षटकं : तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. त्याच स्पर्धेत चेन्नईला डेव्हन स्मिथचा त्रिफळा उडवला तो नकल बॉलनं; बोटं मुडपून धरायचा, फिरकी न घेता तरंगत जाणारा तो चेंडू मुळात बेसबॉलवाल्यांचा. २०२५ च्या आयपीएलला तो लखनौच्या पोरांना शिकवायला गेला, तेव्हा काय घेऊन गेला असेल? ३११ कसोटी बळी? मला विचारशील तर ते १५ धावांचं षटक. आपला चेंडू कुठे बिघडला आणि कसा सुधारला, हे ज्याला ठाऊक तोच दुसऱ्याचा हात धरू शकतो.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे धावा मोजतात, बळी मोजतात. पोरानं दिवसात चेंडू किती टाकले ते कुणी मोजत नाही. बेसबॉलवाले एकेक चेंडू मोजतात, आकडा शंभराच्या घरात गेला की मॅनेजर स्वतः मैदानात येतो. मी तुरीचे दाणे मोजायचो. डाव्या खिशात साठ, तू चेंडू टाकलास की एक उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की घरी. तू रडायचास, "मामा, एकच." तुझी मामी पँट धुवायला घेताना दाणे वेचून डब्यात टाकायची आणि मला शिव्या द्यायची.

त्या शिल्डच्या दिवशी मी दाणे घेतलेच नाहीत. एका दिवसात तीन सामने, लोक तुझ्या नावानं ओरडत होते, आणि मीही ओरडत होतो. संध्याकाळी तू डाव्या हातानं जेवलास. मी ते पाहिलं आणि शिल्ड कुठे लावायचं ते बोलत बसलो.

म्हणून सांगतो, पुण्याच्या अकादमीनं कोच म्हणून बोलावलंय, तर लगेच नकार कळवू नको. आणि खांद्यात इंजेक्शन टोचून पुढची स्पर्धा खेळायची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तायडीला, तुझ्या मायला, यातलं काही ठाऊक नाही, मी सांगितलेलं नाही; पण किती दिवस लपवू? हात वर करून केस विंचरता येतात का ते आधी खरं सांग. दोन दिवस सुट्टी काढून ये. एमआरआयचा कागद बॅगेत आहे का बघून निघ, मागच्या वेळेसारखा विसरू नको. बुलढाण्याहून रात्री मोटरसायकलनं राजूर घाट उतरायचा नाही, तो दुखरा हात ब्रेकवर नीट बसत नसेल. बसनं ये. मी स्टँडवर येतो.

तुझा,
मामा