सरकीची साक्ष

नागपूरचा माणूस कितीही शहरी झाला, तरी कापसाशी त्याचे काही ना काही नाते असतेच. स्वतःचे शेत नसले, तर मामाचे असते, मेव्हण्याचे असते. माझे मेव्हणे वर्धेकडे शेती करतात. एका वर्षी त्यांनी संकरित सरकी विकत आणून पेरली. उगवली छान, पण पुढे पाहावे तो एक झाड कमरेला, शेजारचे गुडघ्याला! बियाण्यात भेसळ होती. दुकानदाराने कानांवर हात ठेवले. वर्ष वाया गेले ते गेलेच.

ही भेसळ नेहमी लबाडीचीच असते असे नाही. 'एच-४' हा जगातला पहिला संकरित कापूस १९७० साली सुरतेला निघाला. तेव्हापासून आपल्याकडे संकराचे काम बहुतेक हातानेच चालते. आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर खुडायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. एखादा पुंकेसर राहिला, की ती कळी आपल्याच परागाने फळते. बी मात्र दिसायला तसेच! ओळखायची जुनी रीत म्हणजे ते पेरून झाडे वाढेपर्यंत थांबायचे. त्यात हंगाम सरतो.

मेव्हण्यांची मुलगी इथल्याच एका प्रयोगशाळेत आहे. ती म्हणाली, "मामा, आईबापांच्या डीएनएत ठराविक जागच्या तुकड्याची लांबी वेगळी असते. खऱ्या संकरात दोन्ही लांब्या सापडतात. फसलेल्या बियांत एकट्या आईची."

पूर्वी हे तुकडे जेलच्या वडीतून विजेच्या जोरावर पळवीत. आखूड तुकडा पुढे, लांब मागे. मग पट्ट्या डोळ्यांनी जुळवायच्या. शंभर नमुन्यांनंतर कोणाचे डोळे थकणार नाहीत? आता रंगाची खूण लावलेले तुकडे केसासारख्या बारीक नळीतून धावतात, लेसरच्या उजेडात चमकतात आणि संगणक त्यांच्या वेळेवरून लांबी काढून आलेखावर शिखरे उमटवितो. यंत्राला जांभई येत नाही आणि भीडही पडत नाही.

तरीही भाची प्रत्येक संशयास्पद आलेख स्वतः पाहते. तुकड्यांच्या नकला करताना थोडी चूक झाली, तर खऱ्या शिखराशेजारी एक ठेंगणे, खोटे शिखर उभे राहते. शिवाय कोणत्या पिशवीतले बी कोणत्या नळीत गेले, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या हातालाच ठाऊक!

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही, म्हणून. निकाल पेरणीपूर्वी हाती आला, तर पिशवी परत करता येते. नंतर आला, तर पीक का गेले एवढेच कळते.