चकलीचे तेल

यंदाच्या चकल्या कोणत्या तेलात तळायच्या, यावरून आमच्या घरात पंधरा दिवस वाद चालला आहे. पामतेलाचा थेंबही घरात येता कामा नये, अशी शपथच चिरंजीव कॉलेजातून वाहून आले आहेत. एरवी तेलाच्या भावापुरताच भूगोल जाणणारा मी. पण त्यांच्यामुळे थोडे वाचले आणि पार चक्रावून गेलो.

आपण खातो त्यातले निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तिकडचे सूर्यफुलाचे तेल अडले, आणि पामतेलाचा भाव कडाडला. पामतेल पिकवण्यात जगात पहिला देश इंडोनेशिया. पण त्या सुमारास तिथल्याच बायका तेलासाठी रांगा लावीत होत्या! अखेर तिथल्या सरकारने २८ एप्रिलपासून २३ मेपर्यंत निर्यातच बंद ठेवली. त्या दिवसांत आमचा वाणी तेलाची पिशवी अशी जपून देई, की जणू प्रसादच.

त्याच देशात २०१५ साली रान पेटले होते. तिथली दलदलीची जमीन म्हणजे हजारो वर्षांचा कुजका पालापाचोळा. लागवडीसाठी चर खणून पाणी काढले की ती सुकते, आणि पेटली की आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसते. धूर समुद्र ओलांडून सिंगापुरात पोचला. शाळांना सुटी द्यावी लागली. रानातल्या ओरांगउटानांना कोण सुटी देणार?

म्हणजे चिरंजीवांचे खरेच. पण हिने भाजणी चाळता चाळता विचारले, "अहो, सगळ्यांनीच ते सोडलं, तर तेवढं तेल आणायचं कुठून?"

प्रश्न साधा नव्हता. पाम एका हेक्टरात जेवढे तेल देतो, तेवढ्यासाठी सोयाबीनला कितीतरी पट जमीन लागते. ती कुणाचे रान तोडून काढायची? शिवाय त्या बागांतला मोठा वाटा लहान शेतकऱ्यांचा आहे. त्यांनाही पोरांची फी भरायची असते. चिरंजीव प्रथमच गप्प झाले.

मला वाटते, बहिष्कारापेक्षा तळणच कमी करावे, आणि रान न तोडता पिकवलेल्या तेलाला चार पैसे जास्त मोजावेत. पण ते ओळखावे कसे? वाण्याला विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, तेल ते तेल!"

तूर्त घाण्याचे शेंगदाणा तेल आणायचे आणि चकल्या निम्म्याच करायच्या, असे ठरले आहे. चिरंजीव आता बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरे वाचत बसतात. दादरच्या आत्याबाईंकडून दरवर्षी फराळाचा डबा येतो. तो कोणत्या तेलातला, हे त्यांना विचारायचे कोणी, यावर मात्र अद्याप एकमत झालेले नाही.