बागवान, अत्तार आणि आमचे आंगण

'नैसर्गिक जीवनशैली' हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. पुण्या-मुंबईच्या दुकानांत काचेच्या बरणीतली शिकेकाई आणि कागदी पिशवीतले ज्वारीचे पीठ चढ्या भावाने विकले जाते. सेलूसारख्या गावातल्या आम्हा माणसांना याचे थोडे हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. हसू येते, कारण हे सारे आमच्या घरात गरिबीच्या नावाने नांदत होते. वाईट वाटते, कारण ते आता आमच्याच घरातून निघून चालले आहे.

सेलू हे परभणी जिल्ह्यातले, दुधनेच्या खोऱ्यातले, काळ्या मातीचे गाव. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे इथून गेली आणि कापसाचा व्यापार वाढला. आम्ही घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी. शेजाऱ्यांची अंबाडी आमच्या चुलीवर 'अंबाडा' होते आणि त्यांचा कढीपत्ता आमच्या दालच्यात 'करेपाक' होऊन पडतो. माती एकच, भाजीही एकच. फक्त बघार वेगळा.

आमच्या घरांना शेत नसले तरी आंगण होते. वजू करायच्या जागेजवळ शेवगा, करेपाक आणि मेहंदीचे झाड असे. वजूच्या पाण्याला साबण लागत नाही, म्हणून ते पाणी वाया न घालवता झाडांकडे वळवलेले असे. मराठवाड्यात पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी भोगला आणि २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आम्ही पाहिले. इस्लामने 'इसराफ' म्हणजे उधळपट्टी नापसंत केली आहे. आमच्या दादीला अक्षरओळख नव्हती, पण ती शिकवण तिच्या त्या छोट्या नालीत होती.

आता आंगणावर स्लॅब पडला. कुटुंब वाढले, वाटण्या झाल्या. त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण शेवग्याला फार जागा लागत नाही आणि मेथी, कोथमीर, पुदिना फुटक्या टोपल्यातही येतात. गच्चीवरच्या चार कुंड्यांनी घर चालत नाही, हे आम्हाला कळते. तरी रोजच्या बघाराचा पाला घरचा निघाला तर तेवढा खर्च वाचतो आणि लेकरांना झाड कळते.

भाकरीचे दुखणे याहून मोठे आहे. सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी मागे हटली. करडीचे पीक तर शोधावे लागते. घाण्याचे करडीचे तेल जाऊन पामतेलाची पिशवी आली. दावतीत भाकर ठेवणे आता कमीपणाचे वाटते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने मात्र हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण तयार केला. तो २०१८ साली प्रसारित झाला. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आहे. नेहमीच्या वाणांत ते ३० च्या आसपास असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. ज्या जिल्ह्याच्या नावाची ज्वारी आहे, त्याच जिल्ह्यातल्या बाईच्या ताटात ती नसावी, याचा विचार व्हायला हवा.

खरेदीबाबत आमच्या अम्मीचे एक सांगणे होते, "चीज देखको लेना, कागद देखको नक्को." आता कागदही वाचायला शिकले पाहिजे. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. फळाच्या सरबतावर पहिले नाव साखरेचे असेल तर आपण साखर विकत घेतो आहोत. अंगाच्या साबणावर 'टीएफएम' असा आकडा असतो. तो ७६ किंवा त्याहून अधिक असेल तर साबण पहिल्या दर्जाचा. हे वाचायला दोन मिनिटे लागतात, आणि आमच्या शिकलेल्या मुली ते सहज वाचू शकतात.

माल कुणाकडून घ्यायचा, हाही प्रश्न आहेच. भाजी-फळे विकणारा बागवान, शिकेकाई, रिठा, सुगंध विकणारा अत्तार, कापूस पिंजून गादी भरणारा पिंजारी, बांगड्या भरणारा मणियार, हे सारे आमच्याच समाजाचे कष्टकरी. ज्याला आज नैसर्गिक जीवन म्हणतात त्याचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या यांच्या डोक्यावरच्या टोपलीतून फिरला. शाम्पूच्या एक रुपयाच्या पुडीने अत्ताराचे आणि फोमच्या गादीने पिंजाऱ्याचे पोट मारले. २०२० च्या एप्रिलात, टाळेबंदीत, देशात काही ठिकाणी भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली गेली. मुसलमान नाव निघाले की गाडा परत पाठवला गेला. भाजी तीच, शेतही बहुधा हिंदू शेतकऱ्याचेच. त्या दिवसांत बागवानाबरोबर त्या शेतकऱ्याचाही माल सडला. याला उत्तर म्हणून आम्हीही नाव विचारून खरेदी करावी, असे आम्ही म्हणणार नाही. आठवडी बाजारात आम्ही माल पाहतो, भाव करतो आणि ज्याने पिकवले त्याच्याकडून घेतो. एवढे साऱ्यांनी केले तरी पुष्कळ आहे.

शरीराच्या निगेबद्दल बोलताना आमच्या मुलींबद्दल बोलावे लागते. स्थळ पाहायला आलेल्या बायका अजूनही आधी रंग पाहतात. म्हणून सातवी-आठवीपासून घरात गोरे करणाऱ्या मलमाच्या डब्या येतात. एका बड्या कंपनीने २०२० साली आपल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द काढला. आमच्या मनातून तो निघाला नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये एक समान धागा सापडला. त्यातले बरेच जण गोरे करणारी मलमे लावत होते आणि त्या मलमांत पारा होता. ही बाब २०२३ मध्ये गाजली. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही ती घरात येऊ देऊ नये. बेसन-हळदीचे उटणे कुणाला गोरे करत नाही, पण कुणाचे मूत्रपिंडही बिघडवत नाही.

तरी जुने ते सारे सोने, असे नाही. डोळ्यांत घालायच्या पारंपरिक सुरम्यात पुष्कळदा शिसे असते. तान्ह्या लेकराच्या डोळ्यांत तो घालू नये. 'काळी मेहंदी' म्हणून जे विकतात त्यात पानापेक्षा रसायन अधिक असते आणि त्याने कातडी भाजते. पाला वाटून केलेली मेहंदी केशरी-तांबडीच रंगते.

आणखी एक गोष्ट. पहाटे जात्यावर दळणारी आमची दादी होती, उखळात शिकेकाई कुटणारी अम्मी होती. पुरुषांना ताजी भाकर मिळाली, पण बायकांच्या कंबरा गेल्या. म्हणून पिठाची गिरणी, मिक्सर, गॅस हे आमच्या घरात रहमत बनून आले. नैसर्गिक जगायचे म्हणून ते परत पाठवायचे आणि सारा भार पुन्हा बाईच्या डोक्यावर टाकायचा, याला आमची तयारी नाही. कुंड्यांना पाणी मुलगेही घालू शकतात. भाकर थापणे हेही शिकण्यासारखे काम आहे.

रमजान जवळ आला की घरोघर सामानाची यादी होते. या वेळी ती यादी घरातल्या साऱ्यांनी बसून करावी. रंगीत सरबताऐवजी सब्जा आणि लिंबू, इफ्तारीला बागवानाच्या टोपलीतली फळे, आठवड्यात दोन दिवस भाकर, आणि मुलीच्या नावापुढे मलमाऐवजी एखादे पुस्तक. यादी लांबणार नाही. खर्चही वाढणार नाही.