वाघ्यासह झाडीपट्टीत (लेखांक पहिला)

रामटेक, सोमवार

नागपूरहून पूर्वेस जाणाऱ्याने राष्ट्रीय महामार्ग धरला, तर भंडाऱ्याची वैनगंगा दीड तासात गाठता येते, आणि नेमके तेच मला नको होते. कारण मोटारीच्या मागल्या आसनावर वाघ्या बसला होता, आणि ज्या रस्त्याच्या कडेस गाडी उभी करून अर्धा कोस पायी हिंडता येत नाही, तो रस्ता त्याच्या हिशेबी रस्ताच नव्हे. वाघ्या जातीने गावठी, वर्णाने तांबूस, धंतोलीतल्या एका चहाच्या टपरीमागे जन्मलेला. कामठीपुढे कन्हान ओलांडताच आम्ही महामार्ग सोडला आणि अरुंद डांबरी वाटेने, जिथे मनास येईल तिथे थांबत, नगरधनास पोहोचलो.

धानाच्या बांध्यांनी वेढलेले हे खेडे एके काळी नंदिवर्धन या नावाने वाकाटकांची राजधानी होते, आणि चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या निधनानंतर अल्पवयी पुत्रांच्या वतीने राज्यकारभार पाहिला तो येथूनच, असे विद्वान मानतात. तिच्या नावाची मातीची मुद्राही येथील उत्खननात सापडली आहे. किल्ल्याच्या तटाखाली शेळ्या चरत होत्या. वाघ्याने त्यांच्याकडे सभ्यपणे दुर्लक्ष केले.

रामटेकच्या गडावर मात्र वानरांचा अंमल निर्वेध चालतो, आणि तिथे श्वानास नेणे म्हणजे उभयपक्षी युद्धाची घोषणाच. तेव्हा वर न चढता अंबाळा तलावाच्या घाटांवरून संध्याकाळ घालविली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे साधार प्रतिपादले आहे. ही टेकडी पायथ्याकडून पाहताना ते पटण्यास फारसे प्रमाण लागत नाही.

तुमसर, मंगळवार

तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ. आसमंतात मँगनीजच्या खाणी. याहून अधिक लिहावे असे दिवसभरात काही घडले नाही, एक प्रसंग सोडून. वाटेतल्या एका विश्रामगृहात खोल्या रिकाम्या असल्याचे खानसाम्याने आनंदाने सांगितले, नोंदवही पुढे केली, आणि तेवढ्यात मोटारीच्या खिडकीतून बाहेर आलेले वाघ्याचे तोंड त्याला दिसले. “कुत्रं नाही चालत जी,” तो म्हणाला, आणि वही मिटली. त्याच्या डोक्यावर दिनदर्शिकेत श्रीदत्तगुरू उभे होते, पायाशी चारी श्वानांसह. मी त्या चित्राकडे पाहिले, त्यानेही पाहिले; पण कायदा दत्ताचा नव्हे, खात्याचा. रात्र एका धानगिरणीच्या आवारात, मालकाच्या सौजन्याने, कोंड्याच्या उबदार वासात उत्तम गेली.

साकोली, बुधवार

सकाळी नागझिऱ्याच्या पिटेझरी नाक्यापर्यंत जाऊन आलो, तेही केवळ वनरक्षकास चार प्रश्न विचारण्यासाठी. अभयारण्यात पाळीव कुत्र्यास मज्जाव आहे, आणि या बाबतीत मी पूर्णपणे वनखात्याच्या बाजूचा आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग वाघ-सिंहांनाही होतो. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यात या विषाणूचा हात होता. “याचं नाव वाघ्या, तरी बाहेरच का?” असे मी विचारल्यावर वनरक्षक दिलखुलास हसले, त्यांनी वाघ्यास पाणी पाजले, आणि आत मात्र घेतले नाही.

नवेगावबांध, गुरुवार

वाघाच्या आशेने या मुलखात येणारे प्रवासी उघड्या जिप्सीतून धूळ खात ज्या गावांवरून निघून जातात, त्या गावांत पाहण्याजोगे काय आहे, हे मला आज कळले, आणि ते वाघ्यामुळे. कारण दर दोन-तीन मैलांवर तो कुरकुरू लागे, मी मोटार थांबवी, आणि समोर तलावाची पाळ असे. हलके धान कापून झाले होते, भारी धान बांध्यांत उभे होते, आणि प्रत्येक पाळीच्या एका अंगास पाणी व दुसऱ्या अंगास सोने, असा देखावा कोसन्‌कोस चालला होता. दोन टेकड्यांमधली खिंड हेरून तेवढीच मातीने बुजवायची, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात उतरेल अशी साखळी जोडायची, ही कोहळी समाजाची विद्या. गोंड राजवटीत या लोकांना तलाव बांधण्याबद्दल जमिनी मिळाल्या. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले, कोणत्या बांधीस किती पाणी याची कलमे वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या दप्तरात, नोंदली गेली, आणि दरसाल गाळ काढण्यास गावाने उतरावे हा रिवाज पडला. 1951 साली मालगुजारी संपली, ती संपणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढण्याचे कर्तव्य मात्र कोणाकडेच वर्ग झाले नाही. कित्येक तलावांत आज बेशरमाचे रान माजले आहे.

अशाच एका पाळीवर वाघ्या एकाएकी तीन पायांवर उभा राहिला. डोंग्यातून शिंगाडे काढून काठावर आलेला एक म्हातारा ढिवर न बोलावता जवळ आला, वाघ्याचे तोंड त्याने काखेत दाबून धरले, पंजा उलटा केला, आणि गादीत रुतलेला शिंगाड्याचा काळा काटा नखांच्या चिमटीत धरून सरळ ओढला. “वाकडा ओढला तर टोक आत राहते जी,” एवढेच बोलला. त्याच्या बायकोने चुलीवरच्या भगोन्यातून उकडलेले शिंगाडे पळसाच्या पानावर दिले. पैसे बळेच द्यावे लागले.

दुपारी वाघ्यास मुक्कामाच्या घरच्या मालकिणीच्या स्वाधीन करून नवेगावचा तलाव पाहिला. कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला असे मानतात. लोकांनी त्याला कोलासुर देव करून टेकडीवर बसविले आहे. पाळ बांधणाऱ्यास देवत्व देणारा हा मुलूख मला राजधान्यांच्या अवशेषांहून अधिक थोर वाटला.

उद्या अर्जुनी मोरगावावरून वडशास निघू. दिवाळीनंतर तेथे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो, त्याची हकीकत पुढील लेखांकी. कुत्र्यासह या बाजूस येणाऱ्यांनी रेबीज व डिस्टेंपरच्या लशींचा दाखला जवळ बाळगावा, मुक्कामाची विचारपूस आधी करावी, आणि शिंगाड्याच्या तलावाकाठी जनावरास दोरीनेच न्यावे.