रुसलेली काठी

वार्षिक अंकांत जिंकलेल्या ढालींचीं आणि चषकांचीं वर्णनें दर वर्षीं येतात, आणि तीं यावीं हें योग्यच आहे. परंतु जो विद्यार्थी हरून घरीं परतला, त्याच्या वांट्याला सहसा एक ओळही येत नाहीं. मी त्या दुसऱ्या वर्गांतला. संपादकांनीं माजी विद्यार्थी या नात्यानें माझ्याकडे कांहीं लिहून मागितलें, तेव्हां मनांत आलें कीं, आपण हरलेल्या एका डावाची, त्यानंतर आपल्यावर रुसून बसलेल्या खेळाची, आणि तो रुसवा कसा निघाला त्याचीच हकीकत सांगावी.

माझा खेळ क्रिकेट नव्हे कीं कुस्ती नव्हे. माझा खेळ पूल. आमच्या बीड शहरीं, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, पूर्वीं सरकीचीं पोतीं ठेवीत अशा एका गाळ्यांत कोणा उद्योगी गृहस्थानें वीसेक वर्षांपूर्वीं एक मेज आणून मांडलें. पाटीच्या दगडाचा सपाट तळ, त्यावर ताणून बसविलेलें हिरवें लोकरी कापड, चार कोपऱ्यांस चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशीं सहा पॉकेटें. पंधरा चेंडू: सात एकरंगी, सात पट्ट्यांचे आणि आठ आंकड्याचा एक काळा. सोळावा पांढरा. काठीनें फक्त पांढऱ्यालाच टोला द्यावयाचा, त्याच्याकरवीं आपले सात चेंडू पॉकेटांत घालावयाचे आणि सर्वांच्या शेवटीं काळा घालावयाचा, हा नियम. चेंडू अवघा सव्वादोन इंच व्यासाचा. परंतु पांढऱ्याच्या खालच्या अंगास टोला दिला कीं तो दुसऱ्याला धडकून माघारीं येतो, आणि वरच्या अंगास दिला कीं त्याच्या पाठोपाठ धांवत जातो. भूमितीच्या तासाला ज्या कोनांनीं मला रडविलें, तेच कोन त्या हिरव्या कापडावर मला आपण होऊन भेटूं लागले.

घरीं ही बातमी गेली तेव्हां अण्णांचा चेहरा उतरला. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका जिनिंगमध्यें कापसाच्या गाड्यांचें वजन नोंदवून घेण्याचें काम करीत. त्यांच्या लेखीं असा गाळा म्हणजे विड्या, पैजा आणि रिकामटेकडीं पोरें. त्यांचें भय अगदींच निराधार नव्हतें. 'पूल' या शब्दाचा मूळ अर्थ सर्वांनीं मिळून मांडलेला पण असा आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या खोल्यांतून लोकांचा वेळ जावा म्हणून अशीं मेजें ठेवीत, आणि तेथील जुगाराचें नांव या खेळाला चिकटलें. अण्णांनीं मात्र मला मनाई केली नाहीं. ते एके दिवशीं स्वतः गाळ्यांत आले, कोपऱ्यांतल्या बांकावर तासभर बसले, आणि निघतांना एवढेंच म्हणाले, "पैसा लावायचा नाहीं. दिवे लागायच्या आंत घरीं यायचें." त्या दिवाळीला बोनस मिळाला तेव्हां त्यांनीं एका परिचितामार्फत पुण्याहून माझ्यासाठीं जवळजवळ पांच फूट लांबीची, अखंड लाकडाची एक काठी आणविली. त्या दिवाळीला आईला पातळ मिळालें नव्हतें, हें मला पुष्कळ उशिरां कळलें.

गाळ्यांत माझा एक सोबती होता. वय माझ्याएवढेंच, इयत्ताही तीच, शाळा मात्र दुसरी. तो सकाळीं गाळा झाडी, ब्रशानें कापडावरची धूळ काढी, गिऱ्हाइकांना चेंडू त्रिकोणांत रचून देई, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याला दुपारीं तासभर खेळावयास मिळे. त्याचे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळी झाली कीं आमच्या जिल्ह्यांतून कुटुंबांमागून कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात, आणि गांवें म्हाताऱ्यांच्या व शाळकरी पोरांच्या स्वाधीन होतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तोही असाच आजीजवळ राही. दुपारच्या त्या फुकट तासांत तो मला वांटेकरी करून घेई. माझा टोला त्याच्यापेक्षां साफ होता. परंतु कोणता चेंडू आधीं घ्यावा हें त्याला माझ्या आधीं दिसे.

बारावीच्या वर्षीं, भाद्रपदांत, त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, एक स्पर्धा झाली. मी गेलों आणि तीन फेऱ्या जिंकलों. चौथ्या फेरींत माझे सातही चेंडू संपले आणि काळा उरला, तोही पॉकेटच्या अगदीं तोंडाशीं. आमच्या गाळ्यांतलें लहान पोरही तो घालूं शकलें असतें. मीं टोला दिला. काळा आंत पडला, आणि त्याच्या पाठोपाठ पांढराही तितक्याच शांतपणें आंत गेला. काळ्याबरोबर पांढरा पडला तर जिंकलेला डाव हरलेला धरतात. मागच्या बांकावर कोणी तरी मोठ्यानें हसलें. चूक कशी झाली तें मला त्याच क्षणीं कळलें होतें: टोला देतांना माझें लक्ष चेंडूवर नव्हतें, बांकावरचे लोक माझ्याकडे पाहत आहेत कीं नाहींत, इकडे होतें.

परत आल्यावर आठ दिवस मीं गाळ्याचें तोंड पाहिलें नाहीं. नवव्या दिवशीं गेलों, तों मेज तेंच, काठी तीच, परंतु कोन दिसेनात. प्रत्येक टोल्याला वाटे कीं आपल्या पाठीमागें कोणी तरी उभें आहे आणि आतां हसणार आहे. खेळ वाईट होत होता याचें दुःख थोडें. खेळावेंसेंच वाटत नव्हतें, याचें अधिक. भूक गेलेल्या माणसासमोर ताट वाढावें तसें तें हिरवें मेज माझ्यापुढें असे. अखेर मीं काठी घरीं आणली आणि कपाटामागें भिंतीला टेकवून ठेविली. परीक्षेचें निमित्त होतेंच.

माझ्या एका शिक्षकांच्या हें ध्यानांत आलें. त्यांनीं मला बोलावून विल्सन जोन्स यांची गोष्ट सांगितली. जोन्स यांचा जन्म १९२२ सालीं पुण्याचा. १९५० सालीं ते बिलियर्ड्‌सचे राष्ट्रीय विजेते झाले, आणि पुढें तें पद त्यांनीं एकूण १२ वेळां मिळविलें. परंतु परदेशांतल्या जागतिक स्पर्धांतून ते विजेतेपदावांचून परतले होते. १९५८ सालीं कलकत्त्यास त्यांनीं जागतिक हौशी विजेतेपद जिंकलें. त्यानंतर पुन्हां तें हातचें गेलें. १९६२ सालीं पर्थ येथें त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. शेवटीं १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें तें त्यांनीं परत मिळविलें. "सहा वर्षें," शिक्षक म्हणाले, "आणि तूं सहा आठवड्यांत काठी टाकतोस!" मीं मान डोलावली. परंतु खरें सांगावयाचें तर त्या गोष्टीनें माझ्या मनांत कांहींच हललें नाहीं. जोन्स थोर होते. त्यांचा पराभवही थोर होता. माझा पराभव लहान होता, आणि त्याची लाज मात्र मोठी होती.

दिवाळीनंतर माझा सोबती गाळ्यांत दिसेनासा झाला. त्याचे वडील आजारी पडले होते, आणि मुकादमाकडून उचल तर आधींच घेतलेली. ऊसतोडीच्या भाषेंत जोडप्याला 'कोयता' म्हणतात, आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. एकट्या आईच्या तोडींतून उचल फिटणार नव्हती. म्हणून दुसरा अर्धा कोयता होऊन तो बारावीचा वर्ग सोडून तिच्याबरोबर कोल्हापूर जिल्ह्यांत गेला. टोळीची गाडी कधीं निघणार हें मला ठाऊक होतें, तरी मी निरोप द्यावयास गेलों नाहीं. एका चेंडूच्या शोकांत मी इतका गुंतलों होतों कीं, जिवंत मित्राची आठवण मला राहिली नाहीं. त्या वर्षींचा माझा खरा पराभव कोणता, असें आज कोणी विचारलें तर मी हाच सांगेन.

चैत्रांत एके संध्याकाळीं दारांत हाक आली. तो उभा होता, काळवंडलेला, रोडावलेला, डाव्या आंगठ्याला चिंधी बांधलेला. "चल, एक डाव टाकूं," तो म्हणाला. जणूं मधले सहा महिने नव्हतेच.

"मीं खेळणें सोडलें," मी म्हणालों, आणि त्याला सारी हकीकत सांगितली. पॉकेटच्या तोंडचा काळा, मागून पडलेला पांढरा, तें हसणें. त्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि विचारलें,

"काळा पडला ना पण आंत?"

"पडला."

"मग नेम बरोबर होता. जोर जास्त झाला."

सहा महिने मी ज्याला माझें दुर्दैव समजत होतों, त्याचा हिशोब त्यानें दोन वाक्यांत केला. मग आपलें सांगूं लागला. फडाजवळच्या तळावर, कोपीसमोर त्यानें राखेनें लांबट चौकोन आंखला होता, कडेला सहा खळगे कोरले होते, आणि टोळींतल्या पोरांना एका दांडक्यानें गोट्यांचा पूल शिकविला होता. "तिथली जमीन उताराची," तो म्हणाला. "गोटी सरळ जातच नाहीं. आधीं जमीन बघावी लागते, मग नेम." आणि तो हसला. त्या हंसण्यानें मला माझी लाज वाटली, परंतु ती निराळी लाज होती.

इच्छा म्हणून नव्हे, भिडेखातर मी काठी आणावयास घरांत गेलों. कपाटामागें ती नव्हती. अण्णा सुपारी कातरीत बसले होते. त्यांनीं मान वर न करितां वरच्या फळीकडे बोट दाखविलें. तेथें जुन्या धोतराच्या फाळक्यांत गुंडाळून काठी आडवी ठेविलेली होती.

"भिंतीला टेकवलेलें लाकूड आपल्याच भारानें वाकतें," अण्णा म्हणाले. "एकदां वाकलें कीं मग सरळ होत नाहीं."

"केव्हां ठेवली तुम्हीं?"

"तूं टेकवलीस त्याच रात्रीं."

सहा महिन्यांत त्यांनीं मला खेळाबद्दल एक शब्दही विचारला नव्हता.

गाळ्यांत आम्हांला तासभर मेज मिळालें. चेंडू रचल्यावर माझ्या सोबत्यानें काठी हातांत घेतली, आणि लगेच खालीं ठेविली. कोयत्यानें त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. आंगठ्यावरची जखम ओली होती. काठी ज्या बोटांवरून सरकावी तीं बोटें मिटेनात. क्षणभर त्याचा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "तूं मार. मी सांगतों."

तो सांगूं लागला आणि मी मारूं लागलों. "निळा घे. नाहीं, मधल्या पॉकेटांत. पांढरा इकडे थांबला पाहिजे, नाहीं तर पिवळा अडेल." मी वांकून पाहूं लागलों, चेंडू माझे नव्हते, डाव माझा नव्हता, हार-जीत माझी नव्हती. त्याला जें दिसत होतें तें कापडावर जसेंच्या तसें उतरविणें, एवढेंच माझें काम होतें. तिसऱ्या कीं चौथ्या टोल्याला केव्हां तरी कोन पुन्हां दिसूं लागले. केव्हां, तें मला कळलें नाहीं. त्या तासांत आपल्या पाठीमागें कोणी उभें आहे असें भय मला एकदांही वाटलें नाहीं. पाठीमागें तो खरोखरच उभा होता.

शेवटीं काळा उरला, आणि दैवयोगानें तोही पॉकेटच्या तोंडाशींच. माझा हात थबकला. तो फक्त "हळू" म्हणाला. मीं टोला दिला. काळा आंत पडला, आणि पांढरा वीतभर अलीकडे थांबला. आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं. त्यानें त्रिकोण घेतला आणि चेंडू पुन्हां रचावयास लागला.

पुढल्या वर्षीं मी त्याच स्पर्धेला पुन्हां गेलों आणि दुसऱ्याच फेरींत हरलों. परंतु एस. टी. नें बीडला उतरलों तो घरीं पिशवी टाकून थेट गाळ्यांत गेलों, कारण ज्या टोल्यानें हरलों तो नीट करून पाहण्याची मला घाई झाली होती. माझ्या सोबत्यानें १७ नंबरचा अर्ज भरून बारावीची परीक्षा दिली. त्याचीं मुलें आज शाळेंत जातात; दिवाळीनंतरही जातात.

अण्णा आतां नाहींत. काठी आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुमचाही खेळ, तुमचें गाणें, तुमचें गणित केव्हां तरी तुमच्यावर रुसेल. त्या वेळीं आपला पराभव कुरवाळीत एकटे बसूं नका. ज्याचा हात दुखावला आहे असा एखादा सोबती शोधा आणि घटकाभर त्याचा हात व्हा. आणि पालकांस माझी नम्र विनंती एवढीच कीं, मुलानें कंटाळून टाकलेली वस्तु लगेच मोडींत काढूं नये आणि त्याबद्दल त्याला बोलूंही नये. ती उचलून, पुसून, फळीवर आडवी ठेवावी.